डबा शोधायला निघालो आणि धबधब्यामागे पोचलो : सिल्व्हर फॉल्स, ओरेगन

पाणकळा (धागाकर्ती)

मागच्या शनिवारी आम्ही सहा जण सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कला जाऊन आलो: मी, नवरा, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे (पुढे आजी-आबा), दहा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचे चिरंजीव. बीव्हर्टनहून सव्वा तास लागला. सिल्व्हर्टन गावात कॉफीला थांबलो ते वेगळं. फोटो चढवायचा दोनदा प्रयत्न केला, चढत नाहीयेत, तेव्हा शब्दांवर भागवून घ्या.

या पार्कात 'ट्रेल ऑफ टेन फॉल्स' नावाची ७.२ मैलांची वाट आहे. दहा धबधबे, आणि त्यातल्या चारांच्या चक्क मागून चालत जाता येतं. आता आमच्या घरची परिस्थिती अशी की 'चालायला जाऊ या' म्हटलं की एकाच्या पोटात दुखतं आणि दुसरीचा धबधबा आधीच 'बघून झालेला' असतो. मग नवऱ्याने जिओकॅशिंगचं पिल्लू सोडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा (त्याला 'कॅश' म्हणतात, इंग्रजी cache, म्हणजे लपवलेला साठा) लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो. आपण फोन किंवा जीपीएस घेऊन तिथवर जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाऊ ठेवायचा नाही, जनावरं येतात. हे सगळं गाडीत सांगून झाल्यावर आबांनी शांतपणे विचारलं, "कॅश म्हणजे रोखच ना? मग लोक परत का ठेवतात?" पुढचा अर्धा तास त्यातच गेला.

या खेळाचं माहेर आमचं ओरेगनच. २००० सालापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, शंभरेक मीटरची. १ मे २००० ला क्लिंटननी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने इथल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून तिचे आकडे इंटरनेटवरच्या एका चर्चागटात टाकले. तीन दिवसांत लोक तिथे पोचलेसुद्धा. बादलीत पुस्तकं होती, व्हिडिओ होते, एक गलोल होती आणि घेवड्याच्या उसळीचा बंद डबा. गलोल ऐकल्यावर आबांचं मतपरिवर्तन झालं.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या आणि ताकाचा थर्मास घेऊन साडेनऊला साउथ फॉल्सच्या पार्किंगला लागलो. दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. उशिरा जाऊ नका, अकराला गाड्या फिरत होत्या जागा शोधत.

साउथ फॉल्स १७७ फूट. वाट खाली उतरते, वळते आणि पाण्याच्या मागच्या मोठ्या कपारीत शिरते. बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. छतातून एकेक थेंब नेमका कॉलरच्या आत पडतो. आजी माझे जुने बूट घालून, ओढणी कमरेला खोचून चालल्या होत्या. मध्यावर थांबल्या, पाण्याच्या पडद्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "अगं, ही तर शिवथरघळ!" हात जोडून मगच पुढे निघाल्या.

तिथे एक 'अर्थकॅश' आहे. त्यात डबा नसतो. जागेवर जाऊन खडक बघायचे आणि मालकाने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याला कळवायची. लेकीने वरचा काळा दगड नखाने ओरखडून बघितला, ढिम्म. खालच्या थराला बोट लावलं तर कण सुटून हाताला आले, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखे. वरचा थर कठीण, खालचा भुसभुशीत. तुषार आणि थंडीतलं बर्फ खालचा पोखरतात, वरचा छपरासारखा उरतो, म्हणून मागून वाट आहे. हे मी तिला सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. प्रश्न अ‍ॅपमध्ये होता म्हणून ऐकलं.

इथून दोन पार्ट्या झाल्या. पुढच्या लोअर साउथ फॉल्सकडे उतरायला पावणेदोनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि आबांचा गुडघा तेवढा उदार नाही. आजी-आबा लॉजकडे परतले (१९३०-४० च्या काळातली दगडी-लाकडी इमारत आहे, आत शेकोटी). आम्ही चौघे खाली.

आणि पुढे आमची फजिती. डबल फॉल्सच्या पुढे कुठेतरी (नेमकं सांगत नाही, बाकीच्यांची मजा जाईल) फोन म्हणाला साठ मीटर. मग पस्तीस. मग ऐंशी. दरीत आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते, वर झाडांची गर्दी. बाणाचा काटा पिसाळल्यासारखा फिरत होता. पण एकूण रोख उताराकडे. आम्ही चाळीस मिनिटं पडकी खोडं, मुळांची बिळं, नेच्याची झुडपं उपसली. नवरा शेवाळावरून घसरत उतारावर दहा-बारा फूट चढून आला. एका बाईंनी काळजीने विचारलं, काही हरवलंय का? चिरंजीव म्हणाले, "येस, कॅश." त्या पाकीट शोधायला लागल्या बिचाऱ्या!

शेवटी हरल्यासारखं तोंड करून अ‍ॅपमधली डब्याच्या मालकाची सूचना उघडली. तिचा अर्थ असा, की 'नदी इथून खाली दिसते.' डबा दरीत नव्हताच, आमच्या डोक्यावर, वरच्या काठावरून जाणाऱ्या रिम ट्रेलजवळ होता. बाण फक्त आडवं अंतर सांगतो. मध्ये कडा आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

मिडल नॉर्थ फॉल्सच्या मागून जाऊन आलो, विंटर ट्रेलने चढून वर आलो आणि रिम ट्रेलने परतताना दोन मिनिटांत डबा मिळाला. काटक्या निसर्गात अशा ओळीने पडत नाहीत, हे लेकीच्या लक्षात आलं. चार बाजूंनी कड्या लागणारा डबा, आत पिशवीत कागद, दोन खेळण्यातल्या गाड्या, कुठल्यातरी देशाचं नाणं, हिरवा डायनासोर. डायनासोर कुणी घेतला हे सांगायला नको. बदल्यात लेकीने खिशातून आजीचा सागरगोटा काढून ठेवला. आजी पाच घेऊन आल्यात, नातीला खेळ शिकवायला. आता चार राहिले. मी 'अगं विचार तरी' म्हणेपर्यंत डबा बंद झाला होता.

साधारण पाच मैल चाललो, सात धबधबे बघितले, 'अजून किती' फक्त तीनदा. नंतर सगळे गाडीने नॉर्थ फॉल्सच्या पार्किंगला गेलो, तिथली वाट छोटी आहे, आबांनाही जमली.

नांदेडची_लेक

काय सुरेख लिहिलंयस! आबांचा प्रश्न ऐकून ऑफिसात फुटले. वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो चढव बाई कसेही करून.

खडकफोड्या

नॉर्थ फॉल्सला गेलात तर मागच्या कपारीत उभं राहून वर बघितलंत का? छतात गोल उभी भोकं आहेत, धुराड्यासारखी. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला तेव्हा तिथे जंगल होतं. लाव्हाने उभ्या झाडांना वेढलं, झाडं जळून-कुजून गेली, साचे राहिले. आपण त्या झाडांच्या बुंध्याखाली उभे असतो.

आणि आजींना शिवथरघळ आठवली त्यात नवल नाही. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच चुलतभाऊ. दोन्हीकडे लाव्हा एका शंकूतून नाही तर जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि थरावर थर साचले. इथला कोलंबिया नदीच्या खोऱ्यातला, आपला दख्खनचा. आपला वयाने बराच थोरला, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. घाटात दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडी पट्टी दिसते ना, तो 'बोल'. तो असाच आधी झिजतो आणि वरचा कातळ पुढे येतो. गडांवरच्या कित्येक कपारींचं मूळ हेच.

पाणकळा

भोकं बघितली! आबांनीच दाखवली. ते म्हणाले, "वाड्याचं धाबं दिसतंय, धूर जायला गवाक्षं ठेवलीत." आता त्यांना खरं कारण सांगते. तांबडी पट्टी वरंध घाटात कितीदा बघितली असेल, नाव आज कळलं.

तिरपागडा

माझा विरोधी सूर. निसर्गात जायचं आणि फोनमध्ये डोकं घालून बाणामागे पळायचं, यात काय आलं? वर जंगलात प्लास्टिकचे डबे ठेवायचे आणि त्याला छंद म्हणायचं. आम्ही ठेवलं की कचरा, यांनी ठेवलं की कॅश.

कुलूपकिल्ली

तिरपागडा, अर्धं पटलं. मी हिल्सबोरोला राहतो, बारा वर्षं हा उद्योग करतोय. डबा कुठेही ठेवता येत नाही. जमीन ज्याची त्याची परवानगी लागते; ओरेगनच्या स्टेट पार्कात पार्कवाल्यांना विचारून ठेवतात. नॅशनल पार्कात तर बहुतेक जागी फक्त अर्थकॅशसारखे बिनडब्याचे प्रकार. पुरायला मनाई, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि मालकाने डब्याची देखभाल केली नाही तर नोंद बंद होते. शिवाय जाता-येता वाटेवरचा कचरा उचलून आणायची रीत आहे. माझ्या बॅगेत कायम एक पिशवी असते.

पण पाणकळाताई, तुमच्या यजमानांनी शेवाळावरून चढायला नको होतं. रागावू नका. त्या दरीतलं शेवाळ आणि नेचे एका बुटाने निघतात, परत धरायला वर्षं लागतात. आणि खाली ओला उतार, त्याखाली नदी. साधा नियम सांगतो: बाण वाटेपासून लांब ओढायला लागला तर थांबायचं, नकाशावर उंचीच्या रेषा बघायच्या आणि 'दुसऱ्या वाटेने येतोय का हा?' असं विचारायचं. दहातल्या नऊ वेळा येतो. दुसरं म्हणजे दरीत रेंज नसते, सूचना आणि नकाशा घरूनच उतरवून न्या. तिसरं, अ‍ॅपवर भूप्रदेशाचा आकडा (वाट किती अवघड ते) बघा: १ ते ५ असतो. लेकरं बरोबर असतील तर अडीचच्या वर जाऊ नका.

पाणकळा

मान्य, शंभर टक्के मान्य. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय, मी चढलो नाही, घसरलो, फक्त वरच्या दिशेने.

उगाच_काहीतरी

वरच्या दिशेने घसरणे =)) हे न्यूटनला कळवा.

अजून_एक_पुणेकर

पुण्यात आम्ही चार मित्रांनी हे करून बघितलंय. अ‍ॅपवर इकडेही डबे आहेत, पण तुरळक, आणि त्यातले निम्मे गायब. शहरात अडचण वेगळीच. तुम्ही भिंतीच्या फटीत हात घालून काहीतरी चाचपडताय आणि मागे स्टेशनवर 'कोणतीही बेवारस वस्तू दिसल्यास हात लावू नका' चालू आहे! एकदा एका बागेत रखवालदाराने पकडलं. त्याला समजावलं तर म्हणाला, "मग मीच काढून टाकला तो डबा, मागच्या महिन्यात." आतला डायनासोर त्याच्या नातवाकडे आहे.

मात्र आपल्याकडे पावसाळी धबधब्याला असलं काही नकोच. ओरेगनमधलं पाणी बारमाही, पाऊस तिकडे हिवाळ्यात, आणि वाटा बांधलेल्या. आपल्याकडे चार महिने धुवांधार आणि वर कुठे ढग फुटला ते खाली कळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ बघितल्यापासून मी पोरांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देत नाही. लोक हसतात, हसू दे. डबे शोधायचे तर डिसेंबरात, गडाच्या पायथ्याशी.

नांदेडची_लेक

+१ पुणेकर. बंदीचा फलक लावलेल्या जागीच बरोबर सेल्फीला गर्दी असते.

तिरपागडा

परवानगीचं माहीत नव्हतं. सूर अर्धा मागे घेतो. फोनबद्दलचा अर्धा राखून ठेवतो.

मेतकूट_भात

न्यू जर्सीवाल्यांसाठी असं काही? पोरं ७ आणि ९, चालणारी आहेत पण सात मैल म्हणजे बंड होईल.

कुलूपकिल्ली

पेनसिल्व्हेनियातलं रिकेट्स ग्लेन. वीसहून जास्त धबधबे आहेत, सगळ्यात मोठा गनोगा, ९४ फूट. सगळी वाट सात मैलांच्या आसपास पण मधून छोटा फेरा घेता येतो. प्रवेश फुकट. दगडी पायऱ्या ओल्या असतात, बूट खडबडीत तळव्याचे घाला. धबधब्यामागून जाणं मात्र विसरा.

आणि पाणकळाताई, बीव्हरक्रीकला एकदा जाऊन या. पहिल्या डब्याच्या जागी आता एक फलक आहे: उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. रस्त्याकडेची साधी जागा, बघण्यासारखं काही नाही, पण लोक लांबून येतात आणि फलकाला हात लावतात. उसळीचा तो डबाही सापडला होता आणि जपून ठेवलाय.

उगाच_काहीतरी

पंचवीस वर्षांची उसळ. आमच्या हॉस्टेलच्या मेसची आठवण झाली.

खडकफोड्या

एक खुसपट काढू का? सागरगोटा म्हणजे बी आहे. कठीण कवचाचं, समुद्रातून तरंगत जाऊनही रुजणारं. परदेशी बी जंगलात ठेवणं बरं नाही, आणि बी-बियाणं अमेरिकेत आणताना विमानतळावर जाहीर करावं लागतं. ओरेगनच्या थंडीत तो उगवेल असं मला वाटत नाही, पण तत्त्व म्हणून.

पाणकळा

अरे देवा. हे डोक्यातच आलं नाही! आमच्याकडे तो 'खेळ' या खात्यात होता, 'बी' या खात्यात नाही. आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझ्या आईचे आहेत गं ते, साठ वर्षांत उगवले नाहीत. म्हणजे एक आता जंगलात आहे आणि तो पणजीचा होता, हे मला आज कळतंय. लेक रडवेली झाली आहे. या शनिवारी आम्हाला जमणार नाही, आबांची डॉक्टरची वेळ आहे.

कुलूपकिल्ली

मी रविवारी त्याच बाजूला जातोय. डबा कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काढून आणतो. बदल्यात पितळी घुंगरू ठेवेन, ते उगवत नाही.

पाणकळा

व्यनि केलाय. तुमच्यासाठी दशम्या तयार ठेवते.

मेतकूट_भात

धागा डब्यावरून दशमीवर आला, आता बरोबर मार्गावर आहे. रिकेट्स ग्लेनची नोंद केली, धन्यवाद.

कुलूपकिल्ली

जाऊन आलो. डबा जागेवर, काटक्या पुन्हा ओळीने (आता नीट विस्कटून ठेवल्या). सागरगोटा नाही. कागदावर तुमच्या लेकीच्या खाली एकच नोंद आहे, गुरुवारची: राखाडी गोटी घेतली, निळी गाडी ठेवली. टोपणनाव आहे, त्यावरून अ‍ॅपवर निरोप पाठवलाय. प्रोफाइलवर गाव आयडाहोतलं दिसतंय. घुंगरू ठेवलं नाही, कारण मी काही घेतलं नाही.

खडकफोड्या

निरोपात ते बी आहे, मातीत टाकू नका, एवढं लिहिलंत ना?

कुलूपकिल्ली

पहिलं वाक्य तेच. दुसरं, पणजीचं आहे.

पाणकळा

खूप आभार, एवढी पायपीट केलीत. उत्तर आलं तर कळवा, नाही आलं तरी कळवा. लेक रोज शाळेतून आल्यावर विचारते. आजींनी तिला सांगितलंय की चारांवरही खेळता येतं, पाचव्याच्या जागी तळहात जमिनीवर आपटायचा. काल दोघी जेवणाची टेबलं सरकवून तेच करत होत्या. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

फोटो अजूनही चढत नाहीयेत.

कुलूपकिल्ली

अजून उत्तर नाही. दशम्या मिळाल्या, चटणी झणझणीत होती.